शिडे, कापूस आणि गोद्या : एकोणिसाव्या शतकातील मुंबई बंदराची पार्श्वभूमी

मुंबई बंदराच्या इतिहासात 1869 हे वर्ष सीमारेषेसारखे वापरले जाते. सुएझचा कालवा खुला झाला, आगबोटी आल्या आणि शिडांची जहाजे मागे पडली, असे थोडक्यात सांगितले जाते. या मांडणीत तथ्य आहे. परंतु मुंबईच्या पाण्यात त्या काळी एकाच प्रकारची शिडे नव्हती. माझगावच्या बाजूला नांगरलेली चीन आणि इंग्लंडची मोठी जहाजे, कंपनी सरकारच्या (ईस्ट इंडिया कंपनीच्या) गोदीत बांधली जाणारी लढाऊ जहाजे आणि कोकण-गुजरातच्या किनाऱ्याने ये-जा करणारी गलबते, फत्तेमाऱ्या, मचवे व पडाव यांची तीन वेगळी जगे होती. ती वेगवेगळ्या कारणांनी आणि वेगवेगळ्या वेळी बदलली. ज्या शिडांकडे सर्वांत कमी लक्ष दिले गेले, तीच सर्वांत जास्त काळ टिकली.

मुंबईला निसर्गाने दिलेली मोठी देणगी म्हणजे बेटाच्या पूर्वेकडचे खोल आणि आडोशाचे पाणी. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा मारा बेट स्वतःच्या अंगावर घेते आणि पूर्वेला जहाजे सुरक्षित उभी राहतात. उधाणाच्या भरती-ओहोटीत येथे पाण्याची पातळी चार मीटरांहून अधिक बदलते. भरतीला जहाज आत घ्यायचे, दरवाजे लावायचे आणि ओहोटीबरोबर पाणी उतरले की तळ दुरुस्त करायचा, ही कोरड्या गोदीची रीत या फरकामुळेच सोपी झाली. 1736 मध्ये लवजी नसरवानजी वाडिया यांना कंपनीने सुरतेहून मुंबईस आणले आणि 1750 मध्ये येथे कोरडी गोदी उभी राहिली. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ या घराण्यातील मुख्य मिस्त्रींच्या देखरेखीखाली मुंबईत जहाजे बांधली गेली.

या जहाजांचे यश मलबार-कानड्याच्या सागवानावर उभे होते. ओकच्या लाकडातील आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात, तर सागवानातील तेल लोखंड आणि लाकूड दोन्ही राखते. वाळवी आणि कुज यांनाही ते सहजासहजी दाद देत नाही. नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धात इंग्लंडमध्ये चांगल्या ओकची टंचाई झाली, तेव्हा ब्रिटिश नौदलाला मुंबईकडे वळावे लागले. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेले ‘मिंडेन’ 1810 मध्ये पाण्यात उतरले. ब्रिटिश बेटांबाहेर बांधलेले ते ब्रिटिश नौदलाचे पहिले मोठे युद्धजहाज होते. 1813 मध्ये 74 तोफांचे ‘कॉर्नवॉलिस’ आणि 1817 मध्ये ‘त्रिंकोमाली’ ही जहाजे तयार झाली. 1824 मध्ये उतरलेले ‘एशिया’ 1827 च्या नवारिनोच्या लढाईत ॲडमिरल कॉड्रिंग्टन यांचे ध्वजजहाज होते. ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर आहे, ही गोष्ट मुंबईत फारशी कोणाला ठाऊक नसते, याची खंत वाटते.

एवढी कारागिरी असताना मुंबईचे व्यापारी जहाजबांधकाम इंग्लंडच्या तोडीचे का झाले नाही, या प्रश्नाचे उत्तर केवळ वाफेच्या यंत्रात शोधणे पुरेसे नाही. युद्धकाळात जहाजांची गरज होती तोवर भारतात बांधलेल्या जहाजांना लंडनच्या थेम्स नदीत येऊ दिले गेले. युद्ध संपताच तेथील जहाजबांधणी करणाऱ्यांच्या आणि मालकांच्या दबावाने निर्बंध आवळले गेले. ब्रिटिश जहाजावरचे तीन-चतुर्थांश नाविक ब्रिटिश असावेत असा नियम होता आणि 1823 च्या कायद्याने भारतीय खलाशी त्या हिशोबात धरले जाणार नाहीत हे ठरवून टाकले. याचा अर्थ मुंबईहून आपल्याच माणसांनिशी इंग्लंडला गेलेल्या जहाजाला परतीच्या प्रवासासाठी महागडे नाविक घ्यावे लागत. 1849 मध्ये असे निर्बंध घालणारे नौकानयन कायदे रद्द झाले, पण तोवर लोखंडी जहाजांचा काळ आला होता आणि सागवानाची सरशी संपत आली होती.

समुद्रापलीकडच्या व्यापारात मुंबईची पहिली मोठी झेप चीनकडे होती, लिव्हरपूलकडे नव्हे. कापूस आणि माळव्याची अफू चीनच्या कॅंटन बंदराला जाई, तेथून चहा, रेशीम आणि चांदी येई. 1813 मध्ये कंपनीची भारताच्या व्यापारातील मक्तेदारी संपली आणि 1833 च्या कायद्याने चीनच्या व्यापारातील मक्तेदारीही गेली. त्यामुळे मुंबईच्या पारशी, गुजराती, बोहरा आणि बगदादी ज्यू व्यापाऱ्यांना वाव मिळाला. जमशेटजी जीजीभॉय यांनी तरुणपणी चीनच्या अनेक सफरी केल्या. 1805 मध्ये ते प्रवास करीत असलेले ‘ब्रन्सविक’ हे जहाज फ्रेंचांनी पकडले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन हे डॉक्टर होते आणि पुढे त्यांच्या पेढीशी जमशेटजींचा अफूचा मोठा व्यवहार चालला.

या व्यवहाराविषयी आडपडदा न ठेवता बोलले पाहिजे. माळव्याची अफू संस्थानांतून येत असल्याने बंगालप्रमाणे तिच्या उत्पादनावर कंपनीचा ताबा नव्हता. कंपनी पास देऊन त्यावर शुल्क घेई, आणि ते चुकवण्यासाठी माल कराचीमार्गे पोर्तुगिजांच्या दमणला नेला जाई. 1843 मध्ये सिंध ब्रिटिशांच्या हाती गेल्यावर ती वाट बंद झाली आणि शुल्क भराभर वाढवण्यात आले. चीनच्या सम्राटाने बंदी घातलेला हा माल त्या देशात चोरट्या मार्गाने उतरवला जात होता. त्यातून 1839 ते 1842 चे पहिले अफूयुद्ध झाले आणि चीनला हाँगकाँग देण्यास भाग पाडणाऱ्या नानकिंगच्या तहावर 29 ऑगस्ट 1842 रोजी सह्या झाल्या. त्या ज्या जहाजावर झाल्या ते ‘कॉर्नवॉलिस’ मुंबईच्या गोदीत बांधलेले होते. शहरातील दवाखाने, शाळा आणि धर्मशाळा ज्या पैशातून उभ्या राहिल्या, त्याचा एक भाग या व्यापारातून आला होता. त्या वास्तूंचा इतिहास लिहिताना हा दुवा वगळणे मला योग्य वाटत नाही.

कापसाची वाट मात्र घाटावरून होती. 1830 मध्ये बोरघाटात गाडीरस्ता खुला झाला. त्यापूर्वी वऱ्हाड-खानदेशचा कापूस बैलांच्या पाठीवरून येई, नंतर गाड्यांनी पनवेलपर्यंत येऊ लागला आणि तेथून पडावांत भरून खाडीमार्गे मुंबईस उतरू लागला. भडोच-सुरतेचा कापूस गुजरातच्या किनाऱ्याने थेट येई. 1844 मध्ये कापसाचा बाजार किल्ल्यातून कुलाब्याला हलवला गेला. तेथे गाठी दाबून बांधल्या जात, कारण सैल कापूस जहाजाच्या पोटात परवडत नसे.

शतकाच्या तिसऱ्या चतुर्थकापर्यंत मोठ्या जहाजांना मुंबईत धक्क्याला लागताच येत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत आणि माल लहान मचव्यांतून बंदरावर आणावा लागे. भरतीला मचवे बंदरात शिरत, ओहोटीला चिखलात टेकून बसत आणि त्या काही तासांत हमाल डोक्यावरून माल काढत. मशीद बंदर, चिंच बंदर, कर्नाक बंदर, वाडी बंदर ही नावे याच जुन्या उतरण्याच्या जागांची आहेत. भाऊ अजिंक्य यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास बांधलेल्या धक्क्यावर कोकणच्या उतारूंना प्रथमच सोयीने उतरता आले आणि ‘भाऊचा धक्का’ हे नाव जागा बदलल्यावरही टिकून राहिले.

शिडाच्या जहाजाचे वेळापत्रक वाराच ठरवी. चीनची जहाजे नैर्ऋत्य वाऱ्यावर पूर्वेस जात आणि ईशान्य वाऱ्यावर परतत; किनारी गलबते ज्येष्ठ-आषाढात वर ओढून ठेवली जात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात जात. वाफेने पहिला आघात केला तो या वेळापत्रकावर. मुंबईतच बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट 20 मार्च 1830 रोजी टपाल घेऊन निघाली आणि 33 दिवसांनी सुएझला पोचली. ती इतका कोळसा गिळत होती की वाटेत एडन व इतर ठिकाणी आधीच कोळसा पाठवून ठेवावा लागला होता. 1839 मध्ये मुंबई सरकारने एडन ताब्यात घेतले, त्यामागे कोळशाच्या ठाण्याची ही गरजही होती. हा सारा कोळसा इंग्लंड-वेल्समधून आफ्रिकेला वळसा घालून शिडांच्या जहाजांतूनच येत असे. म्हणजे आगबोटींचे जाळे दीर्घकाळ शिडांच्या भरवशावर चालले, आणि लोखंडी शिडाची मोठी जहाजे शतकाच्या शेवटीही मुंबईत कोळसा उतरवताना दिसत.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्यांनी मुंबईच्या कापसाकडे धाव घेतली. भाव कित्येक पटींनी चढले, पैशाचा पूर आला आणि तो समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्यांत ओतला गेला. 1865 च्या एप्रिलमध्ये युद्ध संपल्यावर भाव कोसळले आणि 1 जुलै 1865 हा दिवस शहराने आर्थिक सर्वनाशाचा दिवस म्हणून लक्षात ठेवला. कागदी कंपन्या बुडाल्या, परंतु पूर्व किनाऱ्यावर एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने केलेली भरणी खरी होती. बंदराचा मोठा भाग एका खासगी कंपनीच्या हाती असणे धोक्याचे आहे हे ओळखून सरकारने 1870 मध्ये ती मालमत्ता विकत घेतली. तिच्या आधारावर 1873 मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि कर्नल बॅलार्ड त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

या टप्प्यावर सुएझचे महत्त्व येते. लंडनपासूनचे अंतर केप ऑफ गुड होपमार्गे सुमारे साडेदहा हजार सागरी मैल होते, ते कालव्याने सव्वासहा हजारांच्या आसपास आले. शिडाच्या जहाजाला कालव्यात ओढून न्यावे लागे आणि तांबड्या समुद्रातील वारे व खडक त्याला अडचणीचे होते. त्यामुळे जवळच्या वाटेचा फायदा आगबोटींनाच मिळाला. आगबोट दिवसांच्या हिशोबाने पैसे कमावते. खोल पाण्यात थांबून मचव्यांची वाट पाहणे तिला परवडत नाही. म्हणून दरवाजे लावून आत पाणी राखणाऱ्या बंद गोद्यांची निकड वाढली. डेव्हिड ससून आणि कंपनीची ससून गोदी 1875 मध्ये झाली. प्रिन्सेस डॉकचे काम त्याच वर्षी सुरू होऊन 1 जानेवारी 1880 रोजी ती खुली झाली. तिच्या खोदकामात चिखलाखाली बुडालेल्या जंगलातील उभ्या झाडांचे बुंधे सापडले होते. 1888 मध्ये व्हिक्टोरिया डॉक झाली. मुंबईची जी आधुनिक गोदीव्यवस्था आपण ओळखतो, ती शिडांची मोठी जहाजे काढता पाय घेत असताना बांधली गेली; ज्या जहाजांच्या काळातील कमाईतून ती शक्य झाली, त्या जहाजांना तिचा फारसा लाभ झाला नाही.

माणसांचे मात्र वेगळे घडले. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे खलाशी, गोव्याचे स्वयंपाकी आणि वाढपी हे आगबोटींवरही दाखल झाले. सारंग (खलाशांचा मुख्य), तांडेल (त्याचा मदतनीस), सुकाणी (सुकाणू धरणारा) ही शिडांच्या काळातील पदे आगबोटींवर तशीच राहिली. भरती सारंगाच्या ओळखीने होई आणि एका गावातील माणसे एकाच जहाजावर जात. धोबी तलाव आणि आसपासच्या भागात गोमंतकीय गावांच्या नावाने ‘कूड’, म्हणजे गावकऱ्यांची सामायिक निवासस्थाने, उभे राहिले, ते जहाजांच्या दोन फेऱ्यांमध्ये डोके टेकायला जागा हवी म्हणून. त्याच वेळी वाफेने एक नवे कष्टाचे काम निर्माण केले: भट्टीत कोळसा ढकलण्याचे. उष्ण समुद्रांत हे काम अमानुष होते आणि त्यासाठी मिळणारी मजुरी युरोपीय नाविकाच्या मजुरीच्या तुलनेत फारच थोडी होती.

किनाऱ्यावरच्या शिडांना आगबोटींनी लगेच संपवले नाही. उलट मुंबईची भूक वाढली तशी त्यांची गरजही वाढली. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण आणि वेंगुर्ल्याहून तांदूळ, नारळ, जळाऊ लाकूड, इमारती लाकूड आणि हिरडा शिडांतूनच येत राहिला, कारण ज्या खाड्यांत आगबोट शिरू शकत नाही तेथे गलबत भरतीबरोबर गावाच्या दारापर्यंत जाई. उतारू आणि टपाल हळूहळू आगबोटींकडे गेले, जड आणि स्वस्त माल शिडांकडे राहिला. पोर्ट ट्रस्टनेही जुनी बंदरे या गलबतांसाठी चालू ठेवली. खारवी, गाबीत, भंडारी आणि दालदी कुटुंबांची ही उपजीविका विसाव्या शतकातही चालली. किनारी गलबतांवर यंत्रे बसवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले ते स्वातंत्र्यानंतर, आणि कोकणात पक्क्या रस्त्यांवरून मालमोटारी सर्वत्र धावू लागेपर्यंत शिडांची ही वाहतूक पूर्णपणे थांबली नव्हती.