बाळंतिणीचा पट्टा पोटावर नाही, खुब्यावर

चोपड्याहून, यावलहून एसटीने जळगावला आमच्या दुकानात येऊन "पट्टा काही कामाचा नाही, बदलून द्या" म्हणणारं कुणी ना कुणी असतंच. पट्ट्यात बहुधा खोट नसते. तो पोटावर बांधलेला असतो.

बाळंतिणीचं पोट बांधायची आपली रीत जुनी आहे, तिला आम्ही नावं ठेवत नाही. पण हा पट्टा त्यासाठी नाही. गरोदरपणात ओटीपोटाच्या हाडांचे सांधे सैल पडतात आणि नंतरही काही महिने पुरते आवळत नाहीत. म्हणून कूस बदलताना, जिना चढताना, एका पायावर उभं राहून परकर घालताना माकडहाडाच्या वर नाहीतर जांघेत कळ येते. पट्टा त्या हाडांना बाहेरून आधार देतो. मांडीच्या वरच्या टोकाला, बाजूला जे टणक हाड हाताला लागतं, त्याच्या रेषेत तो बसला पाहिजे. वर सरकला की नुसतं पोट दाबलं जातं आणि खाली जडपणा येतो. आत दोन बोटं जावीत इतकाच आवळा. चालताना, काम करताना लावा, झोपताना काढा. सिझर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरा घोळ मापाचा. मिस्टर एकटे येतात आणि सांगतात, "एल द्या." तिच्या ड्रेसचं माप इथे चालत नाही, निऱ्यांवरून घेतलेलं तर नाहीच. टेप खुब्याभोवती, पातळ कपड्यावरून फिरवा आणि इंच लिहून आणा. बाळंतिणीलाच आणलंत तर आमच्याकडच्या ताई आत नेऊन बांधून दाखवतात, त्याचे पैसे नाहीत.

"पाठीत इंजेक्शन दिलं तवापासून कंबर दुखी ऱ्हायनी" हे रोज ऐकतो. सुईची जागा काही दिवस दुखते, पण महिनोन्‌महिने दुखण्याचं कारण सहसा ती नसते. वाकून पाजणं हे मोठं कारण. मांडीवर उशी घ्या, पाठ टेकवा, बाळाला छातीशी आणा. उठताना गुडघे जोडून कुशीवर वळा. भरलेला हंडा तूर्त दुसऱ्या कुणाला उचलू द्या.

ताप, जास्त रक्तस्राव, पायात बधिरपणा किंवा ताकद जाणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, पोटरीला सूज, यातलं काही असेल तर पट्टा घ्यायला येऊ नका, थेट दवाखाना गाठा.

वापरलेला पट्टा आम्ही परत घेत नाही. एकीच्या अंगाला लागलेला दुसऱ्या बाळंतिणीला देणं आम्हाला पटत नाही. पाकीट न फोडता आणलात तर माप बदलून मिळेल, पावती मात्र हवी.