वीज गेल्यावर सम्पमध्ये किती पाणी उतरतं?

रात्री वीज जाते. सकाळी बघावं तर फिशटँकखालचं कपाट भिजलेलं आणि जमिनीवर पाणीच पाणी. काचेला चीर नाही, पाइप निसटलेला नाही, तरी माणूस तासभर गळती शोधत बसतो. गळती नसतेच मुळी. वरचं पाणी खाली उतरलेलं असतं आणि खाली त्याला मावायला जागा नसते.

सम्प म्हणजे टँकच्या खाली ठेवलेली दुसरी टाकी. वरचं पाणी काठाजवळच्या दातेरी पट्टीवरून ओव्हरफ्लोच्या कप्प्यात पडतं, तिथून पाइपनं सम्पमध्ये येतं, गाळलं जातं आणि पंप ते रिटर्न पाइपमधून पुन्हा वर चढवतो. चक्र चालू असताना दोन्हीकडची पातळी जागची हलत नाही, म्हणून पाणी जणू तिथंच मुरलंय असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातलं काही पाणी पंपानं वर तोलून धरलेलं असतं.

पंप थांबला की आधी पट्टीच्या वरचा पातळ थर खाली उतरतो. तो थोडकाच असतो. खरं पाणी येतं ते रिटर्न पाइपमधून, आणि तेही उलट्या दिशेनं. या पाइपचं वरचं तोंड टँकच्या पाण्यात बुडालेलं असतं, दुसरं टोक खाली सम्पमध्ये. म्हणजे आयता सायफन तयार! टँकच्या काठावरून नळी टाकून आपण पाणी काढतो, अगदी तसाच. पंपाची पाती त्याला अडवत नाहीत. पाणी त्यांच्यामधून वाट काढत खाली येतं. तोंड उघडं पडून आत हवा शिरेपर्यंत हे थांबत नाही.

आता जरा आकडेमोड करू. टँक १२० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद असेल, तर पातळी एक सेंटिमीटर उतरली की ५.४ लिटर पाणी खाली येतं. रिटर्नचं तोंड पंप चालू असतानाच्या पातळीच्या १० सेंटिमीटर खाली असेल, तर ५४ लिटर. खालचा सम्प ७५ बाय ४० सेंटिमीटरचा धरला, तर त्यातली पातळी १८ सेंटिमीटरनं चढेल. तेच तोंड २ सेंटिमीटरच खाली ठेवलं, तर ११ लिटरच्या आत काम भागतं आणि सम्प चार सेंटिमीटरही चढत नाही. टँक, पंप, सम्प सगळं तेच. फरक फक्त तोंडाच्या उंचीचा. त्यात ओव्हरफ्लोच्या कप्प्याचा पाइप तळाशी उघडत असेल, तर तो कप्पाही रिकामा होतो. २० बाय १५ च्या कप्प्यात ४० सेंटिमीटर पाणी असलं, तर आणखी १२ लिटर.

यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे रिटर्न पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप. बसवायला हरकत नाही, पण माझा त्यावर भरवसा नाही. शेवाळाचा एक तंतू, वाळूचा कण किंवा खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये साठणारा चुना झडपेत अडकला की ती पुरती मिटत नाही. पातळ धारही रात्रभर वाहिली तर पुरेशी होते. त्यापेक्षा रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक बारीक भोक पाडावं. पंप चालू असताना त्यातून थोडं पाणी पाण्यातच फवारलं जातं. वीज गेली आणि पातळी भोकापर्यंत उतरली की त्यातून हवा आत जाते आणि सायफन तुटतो. भोक बुजतंही लवकर. शेवाळ किंवा एखादी चिमुकली गोगलगाय पुरते. दर वेळी काच पुसताना त्यातून काडी फिरवावी.

भोकावरही सगळं सोपवू नये. ते बुजलंय असं धरून, म्हणजे बोटानं झाकून, पंप बंद करावा. पाणी उतरायचं पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची आणि मग सम्प काठाच्या तीन-चार बोटं खालपर्यंत भरायचा. आता पंप चालू करा. पातळी खाली येऊन स्थिरावली की काचेवर रेघ मारा. चालू सम्पमध्ये या रेघेच्या वर कधीही पाणी घालायचं नाही. बहुतेक लोक उलटं करतात. चालू सम्प अर्धा रिकामा बघवत नाही, म्हणून तो भरून टाकतात. ती रिकामी जागा वाया गेलेली नसते, वरून येणाऱ्या पाण्यासाठी राखलेली असते.

वीज परत आल्यावर धोका वरच्या मजल्यावर जातो. ओव्हरफ्लोचं तोंड पानानं किंवा गोगलगायीनं बुजलं असेल, किंवा (काही टँकना असतो तशा) काठावर टांगलेल्या ओव्हरफ्लो बॉक्सच्या, पाणी काठावरून पलीकडे नेणाऱ्या यू-नळीत हवा साठून तिचा सायफन तुटला असेल, तर पाणी खाली येत नाही आणि पंप मात्र चढवतच राहतो. तो थांबतो सम्पमधला त्याचा कप्पा रिकामा झाल्यावरच. त्या कप्प्यात २४ लिटर पाणी असेल, तर आपल्या टँकची पातळी चालू पातळीपेक्षा सुमारे साडेचार सेंटिमीटर वर जाईल. काठ तीनच सेंटिमीटर वर असेल तर? म्हणून पंपाचा कप्पा लहान असलेला बरा. ओव्हरफ्लोला दुसरा, एरवी कोरडा राहणारा आपत्कालीन पाइप असेल तर उत्तमच. बाष्पीभवनाची भरपाई आपोआप करणारं यंत्र असेल, तर त्याची साठवणीची टाकीही बेताचीच ठेवावी. पंपाचा कप्पा रिकामा दिसला की ते यंत्र इमानेइतबारे पाणी ओततच राहतं, आणि तेही वरच जातं.