वाईट बातमी साहेबांपर्यंत पोहोचते का?

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावरील विमानतळावर दाट धुके होते आणि एकाच धावपट्टीवर एक डच व एक अमेरिकी अशी दोन विमाने होती. डच कंपनीच्या बोइंग ७४७ विमानाने उड्डाणासाठी वेग घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली की, ते अमेरिकी विमान अजून धावपट्टीवरच तर नाही ना? कॅप्टनने ठासून उत्तर दिले की, ते बाजूला झाले आहे. इंजिनिअर पुढे काही बोलला नाही. काही सेकंदांतच दोन्ही विमानांची टक्कर झाली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. हा कॅप्टन नवखा नव्हता. इतर वैमानिकांना प्रशिक्षण देणारा तो ज्येष्ठ अधिकारी होता. अपघाताला धुके आणि रेडिओवरील अर्धवट ऐकू आलेले संदेश अशी इतरही कारणे होती, परंतु योग्य शंका कॉकपिटमध्ये उच्चारली गेली होती आणि एका ठाम उत्तरापुढे ती विरून गेली, हे विसरता येत नाही.

चांगल्या नेत्याचे गुण कोणते, या प्रश्नाला सहसा धडाडी, आत्मविश्वास, वक्तृत्व अशी ठरावीक उत्तरे मिळतात. राल्फ स्टॉगडिल या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये अशा १२४ अभ्यासांचा आढावा घेतला आणि केवळ काही गुण अंगी असल्याने कोणी नेता ठरत नाही, परिस्थितीनुसार गुणांचे महत्त्व बदलते, असा निष्कर्ष काढला. गुणांपेक्षा सवयींकडे, त्यातही वाईट बातमी ऐकण्याच्या सवयीकडे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

याचे कारण कामाच्या ठिकाणच्या वर्तनाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांच्या एका संशोधनात सापडते. रुग्णालयांतील औषध देण्याच्या चुकांचा अभ्यास करताना, ज्या विभागांत नेतृत्व चांगले आणि परस्परसंबंध निकोप तेथे चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे मात्र उलटे निघाले. चांगल्या विभागांतच नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला तो असा की, तेथे चुका अधिक होत होत्या असे नव्हे, तर त्या लपवल्या जात नव्हत्या. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानंतर, १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादन कंपनीतील ५१ गटांचा अभ्यास मांडला. चूक कबूल केली किंवा शंका विचारली तर आपला पाणउतारा होणार नाही, असा विश्वास असलेले गट अधिक शिकत होते आणि त्यांचे कामही सरस होते. या विश्वासाला त्यांनी मानसिक सुरक्षितता म्हटले. मानसिक सुरक्षितता म्हणजे सगळे गोडीगुलाबीने चालवणे नव्हे. कामाबद्दलच्या कडक अपेक्षा तिच्याबरोबर सहज नांदतात.

‘माझे दार सर्वांसाठी उघडे आहे’ हे वाक्य मला नेहमीच थोडे फसवे वाटते, कारण उंबरठा ओलांडण्याची जोखीम शेवटी हाताखालच्या माणसावरच राहते. बैठकीत कोणी चाचरत सांगितले की, ‘सर, काम मुदतीत होईलसे वाटत नाही,’ तर पुढचे वाक्य फार महत्त्वाचे असते. ‘मग आधी का नाही सांगितलंत?’ हा प्रश्न रास्त असला, तरी तो ऐकून उरलेले सगळे आपापल्या अडचणी गिळून टाकतात. ‘नेमकं कुठे अडलंय?’ असे विचारणाऱ्याला पुढची अडचण आठवडाभर आधी कळण्याची शक्यता वाढते.

आपले मत शेवटी सांगणे ही दुसरी सवय. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांत समोर दिसणाऱ्या रेषांच्या लांबीबाबतही माणसे बहुमताच्या चुकीच्या उत्तराला सुमारे एक तृतीयांश वेळा मान तुकवत होती. मात्र एक जरी सोबती खरे बोलला, तरी हे प्रमाण झपाट्याने घटत असे. तेथे तर कोणी कोणाचा वरिष्ठही नव्हता. जिथे पगारवाढ वरिष्ठाच्या हाती असते, तिथे त्याने आधी मत दिले की चर्चा तिथेच आटोपते.

अभिप्राय देण्याचेही तसेच आहे. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये केलेल्या व्यापक विश्लेषणात एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर कामगिरी खालावल्याचे दिसले. लक्ष कामावरून हटून स्वतःच्या प्रतिमेकडे वळले की अभिप्रायाचा उपयोग घटतो, असे त्यांचे म्हणणे होते. ‘तिसऱ्या तक्त्यातली बेरीज तपासा’ आणि ‘तुम्ही निष्काळजी आहात’ यांतला फरक तो हाच.

तेनेरिफसारख्या अपघातांनंतर विमानक्षेत्राने कॉकपिटमधील वागणूकच प्रशिक्षणाचा विषय केली. १९७९ मध्ये नासाने या प्रश्नावर कार्यशाळा घेतली आणि पुढे कनिष्ठांना शंका स्पष्टपणे मांडायला व कॅप्टनला ती ऐकून घ्यायला शिकवणारे अभ्यासक्रम जगभर रुजले. अंतिम निर्णयाचा अधिकार आजही कॅप्टनचाच आहे. पण ‘माझं काही चुकतंय असं वाटलं तर लगेच सांगा’ हे सहकाऱ्यांना उड्डाणापूर्वीच सांगून ठेवणे, हा आता त्याच्या कामाचाच भाग मानला जातो.