अडथळा तंत्र (चिरलेल्या भाज्यांचे)

चिरलेल्या ताज्या भाज्यांत रोगकारक जंतू वाढू नयेत म्हणून थंडी, सौम्य आम्लता, जंतुनाशक पाण्याने धुणे, वेष्टनातील वायूंचे प्रमाण असे उपाय एकत्र योजण्याची पद्धत. यांतला प्रत्येक उपाय म्हणजे जंतूंच्या वाटेतला एक 'अडथळा'; एकेक उपाय एकटा तोकडा असतो.

'अडथळा' ही कल्पना जर्मन मांसशास्त्रज्ञ लोथार लाइस्टनर यांच्या नावाशी जोडली जाते. ती साधारणतः 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडली गेली असावी; 'तंत्र' हा विस्तार पुढच्या दशकातला दिसतो. काहींच्या मते तिचे मूळ लोणच्यात आहे : मीठ पाणी बांधून ठेवते, कैरी आम्ल देते, मोहरीचा उग्र अंश जंतूंना रोखतो, वरचे तेल हवा तोडते. हे विवेचन चूक नाही. पण लोणच्यात भाजी भाजी राहत नाही. चिरलेली मेथी किंवा कोबी मात्र श्वसन करीत असतो, त्याला खारवून चालत नाही. त्यामुळे मांसप्रक्रियेतील कल्पना भाज्यांसाठी नव्याने बेतावी लागली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अनेक बाजूंनी ताण आला की जंतूची शक्ती अंतर्गत संतुलन सांभाळण्यातच खर्ची पडते, अशी लाइस्टनर यांची उपपत्ती आहे.

चिरताना पेशी फुटून रस बाहेर येतो आणि जंतूंना आयते खाद्य मिळते. धुण्याच्या पाण्यात सामान्यतः 50–200 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) क्लोरीन वापरतात. तेवढ्याने जंतू बहुधा 10 ते 100 पटींनीच घटतात. माती व रस मिसळला की क्लोरीन लवकर निष्प्रभ होते. नंतर 0–5° से. तापमान आणि सुमारे 2–5% ऑक्सिजनचे वेष्टन. इथे एक मेख आहे : लिस्टेरिया मोनोसायटोजीनस हा रोगकारक जंतू शीतकपाटातही हळूहळू वाढतो आणि कुजवणारे जंतू दबल्याने भाजी दिसायला टवटवीतच राहते.

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा 40° से. ओलांडतो, थंडीची साखळी तुटली की उरलेले अडथळे अपुरे पडतात. परभणीला 1972 मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय आहे. घरोघरी मात्र वाळवलेली गवार आणि कारल्याच्या काचऱ्या हाच टिकवणुकीचा मार्ग रूढ आहे. त्यात मुख्य अडथळा एकच, पाणी काढून घेणे.