कधी स्टार्ट होते, कधी होत नाही: जुन्या डिझेल ट्रकचे मालक आणि ड्रायव्हर यांच्यासाठी

ऊस हंगामात आम्हाला सगळ्यात जास्त फोन येतात ते या एका तक्रारीचे. गाडी रोज चालते, लोड ओढते, पण एखाद्या सकाळी किंवा कारखान्याच्या यार्डात नंबरात उभी असताना किल्ली फिरवली की स्टार्ट होत नाही. मग रिकामी असेल तर धक्का मारतात, भरलेली असेल तर ट्रॅक्टर लावून ओढतात, आणि चालू झालेली गाडी तशीच आमच्या गॅरेजच्या दारात येते. इथे बंद करून परत किल्ली मारली की पहिल्या झटक्यात सुरू. मालक म्हणतात, "आता बरोबर लागतेय, पण सेल्फ बदलूनच टाका."

सेल्फ, म्हणजे किल्ली फिरवली की इंजिन फिरवणारी मोटर, आम्ही लगेच बदलत नाही. त्यावरून काही जण नाराज होतात, म्हणून हा कागद छापला आहे.

अधूनमधून येणारा फॉल्ट आलेला असतो तेव्हाच सापडतो. गाडी ओढून चालू केली की इथे पोचेपर्यंत बॅटरी चार्ज होते, डिझेल लाइनमधली हवा निघून जाते, सैल टर्मिनल हादऱ्याने परत टेकतं. आमच्यासमोर येते ती धडधाकट गाडी. मग एक पार्ट बदलायचा, आठ दिवसांनी तीच तक्रार, मग दुसरा पार्ट. तुमचा सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथेच जातो. दुरुस्ती बहुतेक वेळा छोटीच असते.

धक्का मारण्याआधी दोन मिनिटं द्या

गाडी लागली नाही की आधी हेडलाइट चालू करा. क्लीनरला समोर उभं करा आणि किल्ली फिरवा. लाइट काय करते आणि बॉनेटखालून आवाज कोणता येतो, एवढंच पाहायचं आहे.

लाइट एकदम मंद झाली किंवा विझली आणि कट-कट-कट असा आवाज आला, तर करंट पुरत नाही. बॅटरी, टर्मिनल किंवा अर्थ (करंट बॅटरीकडे परत नेणारा जोड), या तिघांपैकी एक. लाइट तशीच लख्ख राहिली आणि एकदाच टक वाजून सगळं शांत झालं, तर बहुधा सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचे) आतले कॉन्टॅक्ट जळालेले असतात किंवा सेल्फचे कार्बन (आत करंट पोचवणारे घासते तुकडे) झिजलेले असतात. लाइट लख्ख आणि आवाज काहीच नाही, तर किल्लीचा स्विच, रिले (करंट पुढे सोडणारा छोटा स्विच) किंवा सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर पाहावी लागते. सेल्फ नुसताच घर्रर फिरतो पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स (सेल्फचं पुढे सरकणारं दातेरी चाक) किंवा ते जिच्यात अडकतं ती फ्लायव्हीलची दातेरी रिंग. आणि सेल्फ जोरात मारतोय, इंजिन फिरतंय, पण घेत नाही, म्हणजे सुरू होत नाही, तर इलेक्ट्रिकचं काम बहुधा नाहीच, डिझेलकडे जायचं.

फोनवर "स्टार्ट होत नाही" एवढंच सांगितलंत तर आम्हाला यातलं काहीच कळत नाही. "लाइट विझली, कट-कट वाजलं" असं सांगितलंत तर अर्धं काम तुम्हीच केलंत. जमलं तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवा.

बॅटरी नवी आहे, मग?

हा प्रश्न रोजचा. नंबरात गाडी दहा फूट पुढे सरकते आणि बंद होते. असं दिवसभर चालतं. प्रत्येक स्टार्टला सेल्फ भरपूर करंट खातो आणि अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला) तो भरून काढायला वेळच मिळत नाही. वर टेप आणि केबिनमधला पंखा चालूच. नवी बॅटरीसुद्धा यात संध्याकाळपर्यंत बसते. तो बॅटरीचा दोष नाही.

दोन बॅटऱ्यांच्या २४ व्होल्टच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट आम्हाला सतत दिसते. टेप, मोबाइल चार्जर, शोच्या एलईडी माळा १२ व्होल्टच्या असतात, म्हणून त्यांची वायर दोघींपैकी एकाच बॅटरीवरून घेतलेली असते. ती बॅटरी रोज जास्त रिकामी होते. अल्टरनेटर मात्र दोघींना मिळूनच चार्ज करतो, त्यामुळे एक कायम उपाशी राहते आणि दुसरी ओव्हरचार्ज होऊन पाणी उडवते. काही महिन्यांत दोन्ही जातात आणि दोष कंपनीला दिला जातो. त्यापेक्षा २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावून घ्या. आमच्याकडे मिळतो, बाहेरून आणलात तरी बसवून देऊ. आणि बॅटरी बदलायची वेळ आली तर दोन्ही एकत्र बदला. जुनी-नवी जोडी टिकत नाही.

आमच्याकडे दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या जातात. पूर्ण चार्ज होऊन थांबलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि सेल्फ मारताना साधारण ९.५ च्या खाली जाऊ नये. हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजायच्या नळीने) प्रत्येक कप्पा पाहतो. बाकी कप्पे १.२५० दाखवत असताना एखादाच १.१५० वर असेल, तर तो सेल गेला. कितीही चार्जिंग करा, ती बॅटरी धोका देणारच.

अर्थ: कोणी पाहत नाही ती जागा

जुन्या गाडीत आमचा पहिला हात इथेच जातो. इंजिन आणि चेसिस यांच्यामध्ये तारांची विणलेली एक पट्टी असते. क्लचप्लेट किंवा गिअरबॉक्सचं काम करताना ती काढतात आणि परत बसवताना गंजावर किंवा रंगावरच आवळतात. आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी पासिंग, त्यामुळे दरवर्षी रंग, आणि चेसिसवर थरावर थर चढलेले. बोल्ट घट्ट असतो, पट्टी नवी दिसते, पण करंट जात नाही. थंडीत, पावसात, गाडी जरा तिरकी उभी असताना फॉल्ट येतो आणि हादरा बसला की जातो. सेल्फ मारताना अॅक्सिलरेटरची केबल गरम लागत असेल तर अर्थ गेलाच समजा. पट्टीतून वाट नाही म्हणून करंट तिथून परततोय.

तपासणी सोपी आहे. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, म्हणजे लेडच्या खुंटावरच, क्लॅम्पवर नाही. दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ जागेवर. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर मधल्या कुठल्यातरी जोडाला अडथळा आहे. पिन एकेक जोड पुढे सरकवत गेलं की तो जोड सापडतो. बोल्ट काढून जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासायची, आवळायचं, आणि वरून पेट्रोलियम जेली. पार्ट काहीच लागत नाही. अशा कामाला आम्ही फक्त मजुरी घेतो, आणि नवा सेल्फ घ्यायच्या तयारीने आलेले मालक जुनाच सेल्फ घेऊन परत जातात.

सेल्फ खरंच गेला असेल तर

सेल्फला हलकी थाप मारली की लागतो, असं ड्रायव्हर सांगत असेल तर कार्बन संपत आलेत. आर्मेचर (सेल्फचा आतला फिरणारा भाग) चांगलं असेल तर कार्बन, बुश आणि सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट बदलून तो बराच काळ चालतो. गिअरमध्ये टाकून गाडी जराशी हलवली की लागते, असं असेल तर रिंग पाहावी लागते. बंद होताना इंजिन दरवेळी त्याच ठरावीक ठिकाणी थांबतं, चार सिलिंडरचं दोन ठिकाणी, सहा सिलिंडरचं तीन ठिकाणी. म्हणून रिंगचे दातही तिथलेच झिजतात. अशा रिंगवर नवा सेल्फ बसवला तर त्याचं बेंडिक्सही खराब होतं.

सेल्फ मारतो, इंजिन घेत नाही

सायलेन्सरकडे पाहा. धूर अजिबात नाही म्हणजे डिझेल पोचत नाही. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल जातंय पण पेट घेत नाही. तेव्हा सेल्फचा वेग, नोझल (डिझेल फवारणारी तोटी) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पाहावं लागतं.

धूर नसेल तर हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा छोटा पंप) मारून पाहा. मारल्यावर गाडी लागली तर लाइन हवा घेतेय. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंतची) लाइन ओढीची असते. तिथे रबरी पाइपला चीर गेली किंवा तांब्याचा वॉशर दबून चपटा झाला, तरी डिझेल ठिबकेलच असं नाही. पंप ओढताना हवा आत जाते. त्यामुळे बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि मेकॅनिक पंप उतरवायला निघतो. टाकी भरलेली असताना त्रास नाही आणि पाव टाकीवर आली की सकाळी लागत नाही, ही याची ओळख. आम्ही त्या लाइनमध्ये पारदर्शक नळी जोडतो. बुडबुडे तुम्हालाही दाखवतो. इंजिन स्टॉपची केबल पूर्ण मागे जाते का, तेही पाहून घ्या. अर्धवट अडकली तर डिझेल बंदच राहतं.

हे मात्र करू नका

स्क्रूड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करून गाडी लावू नका. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती जागची उडी घेते आणि खाली किंवा समोर असलेला माणूस सापडतो. क्लीनर पोरगं असतं, त्याला कोणी सांगितलेलं नसतं. एअर क्लीनरला पेट्रोलचा बोळा लावू नका. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये किमान एक मिनिट थांबा.

गाडी रात्री का ठेवून घेतो

सकाळी थंड असताना येणारा फॉल्ट दुपारी गरम इंजिनवर दिसत नाही. म्हणून गाडी संध्याकाळी आणा, सकाळी पहिली किल्ली आम्ही मीटर लावून मारतो. एक खेप बुडते हे आम्हाला कळतं, पण त्याच तक्रारीसाठी परत यावं लागलं तर याहून जास्त खेपा बुडतात. तपासणीचे पैसे वेगळे घेतो, काम आमच्याकडे केलंत तर ते बिलातून वजा होतात. सगळी रीडिंग लिहून देतो, काढलेले जुने पार्ट गाडीत ठेवतो.

पावसाळाभर उभी असलेली गाडी दसऱ्याच्या आधी दाखवलीत तर बॅटरी, अर्थ आणि डिझेल लाइन एकाच दिवसात पाहून होते. कारखान्यांची धुराडी पेटल्यावर आमच्याकडेही नंबर लागतो. येताना बॅटरीचं वॉरंटी कार्ड आणा आणि शक्य असेल तर ड्रायव्हरलाच पाठवा.