डोळा कुठे लपवायचा?

पावसाळ्यात आरेतल्या मावशीकडे गेलं की न्हाणीघरात बादलीमागे एक पाहुणा ठरलेला असतो: झाडबेडूक. रात्री तपकिरी दिसणारा हा प्राणी पांढऱ्या टाइल्सवर दुपारभर बसला की चुन्यासारखा फिक्कट पडतो. "राहू दे गं, कुणाला काय करतोय?" म्हणत मावशी आंघोळ उरकून घेते.

त्याची युक्ती कातडीतल्या रंगपेशींत आहे. त्यांतले काळे कण पेशीभर पसरले की अंग गडद दिसतं, मधोमध गोळा झाले की फिकं. पण रंग जुळवून निम्मंच काम होतं. शरीराची कड दिसते, सावली पडते आणि सगळ्यात मोठा घात करतो तो डोळा. गोल, काळा, चकचकीत! पानांच्या पसाऱ्यात अशी वस्तू शिकाऱ्याच्या नजरेतून सुटणं कठीण.

हे कोडं मलाया द्वीपकल्प, सुमात्रा आणि बोर्निओच्या जंगलांतल्या शिंगाळ्या बेडकाने फार छान सोडवलंय. सिंगापूरच्या उरल्यासुरल्या रानातही तो आहे. 1858 साली श्लेगेल या शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं. त्याची शिंगं म्हणजे नुसती मऊ कातडी. वरची पापणी टोकदार होऊन छपरासारखी पुढे आलेली असते, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला डोळा दिसतच नाही. नाकावरही तसंच टोक. पाठीवरून गेलेल्या उभ्या घड्या थेट पानाच्या शिरा वाटतात. सुकलेलं पान समजून एखादा विंचू किंवा खेकडा जवळ आला की ते 'पान' जबडा उघडतं. पाय आखूड, उडी यथातथाच; सगळी भिस्त न हलण्यावर.

गंमत म्हणजे एवढं लपून बसणारे नर रात्री ओढ्याकाठी ठणठणीत आवाजात ओरडतात. मादी सापडायची तर गप्प राहून कसं चालेल?

त्यांची पिल्लं तर भलतीच. तोंड नरसाळ्यासारखं, वर वळलेलं. पाण्याच्या पृष्ठभागाला ते उघडं लावून बेडूकमासे उभे लोंबकळतात आणि तरंगणारे बारीक कण गाळून खातात.

मावशीच्या झाडबेडकाला शिंगं नाहीत. तो दिवसा पाय पोटाखाली घेतो, डोळे आत ओढून मिटतो आणि भिंतीला चिकटून राहतो. म्हणून तर बादली उचलेपर्यंत दिसत नाही.