घड्याळाचा पट्टा आणि जोडाचा प्रश्न

जुलै 2025 मध्ये एका मोठ्या कोरियन कंपनीनं आपल्या नेहमीच्या गोल स्मार्टवॉचचा पट्टा जोडण्याची पद्धत बदलली. 2021 पासून या मालिकेतल्या घड्याळांना बाजारातला कुठलाही 20 मिलिमीटरचा पट्टा बसायचा. नव्या घड्याळाला कंपनीचा स्वतःचा खटका आहे. त्याची सुरुवात 2024 मध्ये त्याच कंपनीच्या महागड्या घड्याळापासून झाली होती. जुने पट्टे जपून ठेवलेल्यांना ते आता थेट बसवता येत नाहीत. कंपनीचं म्हणणं असं की, या जोडामुळे घड्याळ मनगटाला घट्ट टेकतं आणि हृदयाचे ठोके मोजणारा सेन्सर नीट चालतो. वापरणाऱ्यांची तक्रार वेगळी आहे. पट्टा ही झिजणारी वस्तू आहे आणि तो कुणाकडून घ्यायचा हे आजवर ज्याचं त्याचं ठरत होतं, तो निर्णय आता कंपनीनं आपल्या हाती घेतला, असं त्यांना वाटतं. हा वाद स्मार्टवॉचमुळे जन्मलेला नाही, त्याला निदान पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

मनगटी घड्याळाच्या आरंभीचा काळ थोडक्यात सांगून पुढे जाता येईल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुरुषांचं घड्याळ खिशात असायचं आणि मनगटावरचं घड्याळ बायकांचं मानलं जायचं. बोअर युद्धातल्या सैनिकांनी खिशातली घड्याळं चामड्याच्या वाटीत बसवून मनगटाला बांधली. 1904 मध्ये पॅरिसच्या एका जवाहिऱ्यानं आपल्या वैमानिक मित्रासाठी पट्ट्याचं घड्याळ केलं. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत तर मनगटी घड्याळ गरजेचीच वस्तू झाली. त्या घड्याळांच्या केसला, म्हणजे यंत्राभोवतीच्या कवचाला, तारेची कडी डाख देऊन जोडलेली असायची. पट्टा त्यांतून ओवायचा नाहीतर तिथेच शिवून टाकायचा. शिवलेला पट्टा काढायचा म्हणजे तो उसवायचा किंवा कापायचा.

स्प्रिंगची पिन आली आणि हे चित्र बदललं. बारीक नळी, आत स्प्रिंग, दोन्ही टोकांना दबणारी बोंडं. केसच्या पायांना, म्हणजे पट्टा धरणाऱ्या बाहेर आलेल्या टोकांना, आतून छोटी छिद्रं असतात. पिन दाबून पायांमध्ये सरकवायची आणि सोडून द्यायची, की बोंडं छिद्रांत बसतात. 1930 च्या दशकात ही पिन सर्वत्र रुळली. घड्याळाच्या इतिहासात गियर, हिरे आणि बॅलन्स व्हीलवर पुष्कळ लिहिलं जातं, या पिनेवर जवळजवळ काहीच नाही. खरं तर पट्टा ही वेगळी विकत घेण्याची वस्तू झाली ती तिच्यामुळेच. घड्याळ एकाचं, पट्टा दुसऱ्याचा आणि बसवून देणारा तिसराच, अशी सोय झाली. त्यासाठी कुणाच्या परवान्याची गरज नव्हती. दोन पायांमधलं अंतर आणि पट्ट्याची रुंदी जुळली की काम झालं.

हे अंतर काही ठरावीक आकड्यांवर स्थिरावलं. अमेरिकेत पट्टे इंचात विकले जायचे. पाच अष्टमांश इंच म्हणजे जवळजवळ 16 मिलिमीटर, पाऊण इंच म्हणजे 19. स्विस कारागीर लिन्य हे जुनं फ्रेंच माप वापरत, आठ लिन्य म्हणजे जवळजवळ 18 मिलिमीटर. पुढे 18, 20, 22 असे सम आकडे सर्वांत सहज मिळणारे ठरले. स्त्रियांच्या घड्याळांना 12 किंवा 14. 19 आणि 21 मात्र अधूनमधून डोकं वर काढतात आणि ग्राहकाला छळतात. 19 च्या जागेत 18 चा पट्टा घातला तर दोन्ही बाजूंना फट दिसते, पिन उघडी पडते. 20 चा चामडी पट्टा दाबून बसतो, पण कडा चेपतात. त्यामुळे पट्टा घेण्याआधी पट्टीनं पायांमधलं अंतर मोजावं, जुन्या पट्ट्याची रुंदी मोजू नये. जुना पट्टा आधीच चुकीचा बसवलेला असू शकतो.

आपल्याकडच्या लोकांच्या आठवणीतला पट्टा 18 मिलिमीटरचा. 1961 मध्ये बंगळूरला जपानी सहकार्यानं सरकारी कारखान्यातून घड्याळं बाहेर पडू लागली. एचएमटीचं जनता आणि पायलट ही चावी देऊन चालणारी घड्याळं घरोघरी पोहोचली. दहावी झाल्यावर, नोकरी लागल्यावर, लग्नात जावयाला. त्या काळात घड्याळ एकदाच घेतलं जायचं, पट्टे मात्र अनेक. विशेषतः कोकणात आणि मुंबईत चामडी पट्ट्याला एक उन्हाळा आणि एक पावसाळा सोसला की पुरे. घामानं अस्तर काळं पडायचं, वास यायचा, बकलजवळची भोकं फाटून एकमेकांना मिळायची. मग स्टेशनबाहेर काचेची पेटी मांडून बसलेल्या घड्याळवाल्याकडे जायचं. तो दोन पायांच्या टोकदार चिमट्यानं किंवा साध्या सुरीच्या टोकानं पिन दाबायचा, जुना पट्टा काढायचा, नवा बसवायचा आणि सुटी पिन गंजली असेल तर डबीतली दुसरी टाकायचा. बकलचा आखूड तुकडा बाराच्या बाजूला, भोकांचा लांब तुकडा सहाच्या बाजूला. सगळं काम दोन-तीन मिनिटांचं, तेही बहुतेकदा पट्ट्याच्या किमतीतच.

या साखळीत कारखान्याचा पट्ट्याशी संबंध पहिल्या विक्रीपुरताच उरायचा. पुढचे पट्टे कुठून येतात, कोण शिवतं, याची कारखान्याला चिंता नव्हती आणि अडथळाही नव्हता. परवान्यांच्या काळात परदेशी घड्याळं चोरट्या वाटेनं यायची. त्यांनाही देशातलाच पट्टा लागायचा, कारण पिन तीच आणि रुंदीही तीच. धातूच्या पट्ट्याला आपण चेन म्हणतो, तीही या साच्यात बसायची. सरळ टोकाची चेन कुठल्याही 18 च्या केसला लागे. स्प्रिंगच्या कड्यांची, ताणून हातात घालायची चेन अमेरिकेत 1959 नंतर लोकप्रिय झाली. मूळ कल्पना जर्मनीतली. तिच्या स्वस्त आवृत्त्या आपल्याकडे वर्षानुवर्षं खपल्या. मनगटावरचे केस ओढणारी हीच ती चेन.

आता वादाच्या मुळाकडे. 1972 मध्ये एका स्विस कारखान्यानं पोलादी घड्याळ बाजारात आणलं, ज्याची चेन केसमधूनच उगवल्यासारखी दिसते. अष्टकोनी कडा, त्यावर आठ स्क्रू, आणि केसपासून बकलपर्यंत निमुळत्या होत जाणाऱ्या कड्या. पाय असे वेगळे दिसतच नाहीत. केस आणि चेन एकाच रेघेत काढायची ही कल्पना त्याआधीही काही घड्याळांत दिसली होती, पण फॅशन म्हणून ती रुजली या घड्याळानंतर. 1976 आणि 1977 मध्ये आणखी दोन प्रतिष्ठित स्विस घरांनी आपापली आवृत्ती काढली. दशक संपेपर्यंत क्वार्ट्‌झच्या स्वस्त घड्याळांनीही तीच रेघ उचलली.

देखणेपणाबद्दल वाद नाही. अशा घड्याळात चेन वजन वाटून घेते, केस पातळ ठेवता येते, पायांची टोकं मनगटाबाहेर लोंबत नाहीत. घड्याळ करणाऱ्यांची बाजू अशी की, पट्टा हा घड्याळाचाच भाग आहे, मग तो वेगळा रेखाटायचा कशासाठी? हा युक्तिवाद कलाकाराचा आहे आणि तो मान्य करायला हवा. पण त्याची किंमत कोण भरतं, हे त्यात येत नाही. चेनची कडी तुटली, खिळी झिजून चेन सैल पडली, तर कोपऱ्यावरचा घड्याळवाला हात टेकतो. कारखान्याकडे ती कडी असेल तर ठीक, नसेल तर चालू घड्याळ कपाटात जाऊन बसतं. मनगट जाड झालं तर जादा कडीही कारखान्याकडूनच घ्यायची. म्हणून अशी चेन कमी करून घेताना निघालेल्या कड्या दुकानात सोडू नयेत, त्यांची डबी जपून ठेवावी. महागड्या घड्याळांच्या मालकांना हे परवडलं. त्यांची नक्कल करणाऱ्या स्वस्त घड्याळांच्या मालकांना परवडलं नाही, कारण त्या नक्कल करणाऱ्या बऱ्याच कंपन्यांनी सुटे भाग फार वर्षं ठेवलेच नाहीत.

गंमत अशी की, याच सुमारास, 1973 मध्ये, ब्रिटनच्या संरक्षण खात्यानं सैनिकांसाठी अगदी उलट दिशेचा पट्टा ठरवला. करड्या नायलॉनची एकच 20 मिलिमीटरची पट्टी, दोन्ही पिनांच्या खालून ओवलेली. एक पिन सुटली तरी घड्याळ दुसरीवर लटकून राहतं, हरवत नाही. बदलायला अवजार लागत नाही, पिनेला हात लावावा लागत नाही. आज तो जगभर नाटो पट्टा म्हणून विकला जातो. नाव नाटोच्या साठ्याच्या क्रमांकावरून पडलं, त्या लष्करी युतीनं हा पट्टा बनवलेला नाही. सर्वांना सामाईक असलेल्या जोडातून काय काय साधतं याचं याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

स्त्रियांच्या घड्याळांत बंद जोड, म्हणजे दुसऱ्या कुणाचा पट्टा न घेणारा जोड, सर्वांत आधी आणि सर्वांत खोल शिरला. दागिन्यासारखी घड्याळं, बांगडीच्या आकाराचे पट्टे, सोन्याचा मुलामा. यांत पट्टा बदलण्याची सोय बहुतेकदा नसतेच. मुलामा उडाला की घड्याळ म्हातारं दिसतं, आतलं यंत्र दहा वर्षं चालणारं असलं तरी. या प्रश्नाची चर्चा होताना पुरुषांच्या मोठ्या पोलादी घड्याळांचीच उदाहरणं दिली जातात, ही मला या इतिहासातली मोठी उणीव वाटते. ज्यांना पट्टा बदलता आला नाही त्यांत बायकांची संख्या नेहमीच जास्त राहिली असणार, असं दुकानांतल्या जुन्या मालाकडे पाहूनही वाटतं.

1983 मध्ये आदळआपट सहन करणारं जपानी डिजिटल घड्याळ आलं. त्याचा रेझिनचा पट्टा केसच्या आकाराशी जुळवून घडवलेला आहे आणि धक्का सोसण्यात त्याचाही वाटा आहे. इथे बंद जोडाला खरं तांत्रिक कारण आहे. पण रेझिन, म्हणजे पॉलियुरेथेन, दमट आणि उष्ण हवेत काही वर्षांनी कडक होतं आणि पिनेजवळ तडकतं. चिवट म्हणून घेतलेल्या घड्याळाचं आयुष्य मग पट्टा मिळतो की नाही यावर ठरतं. त्याच कंपनीचं 1989 चं साधं डिजिटल घड्याळ, एफ-91डब्ल्यू, आपल्याकडे शाळकरी मुलांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांनी वापरलं. त्याला मात्र 18 चा कापडी पट्टा चालतो. कडेला थोडी मोकळी जागा दिसते, एवढंच.

आणखी एक बदल फारशा बोभाट्याविना झाला. पूर्वी अनेक घड्याळांच्या पायांना आरपार छिद्र असायचं, बाहेरून सुई घातली की पिन दबायची आणि केसला ओरखडा यायचा नाही. 1990 नंतर बऱ्याच कारखान्यांनी बाहेरची छिद्रं बुजवली, बाजू गुळगुळीत दिसावी म्हणून. त्यामुळे घरच्या घरी पट्टा बदलणाऱ्याला आतल्या अंगानं अवजार घुसवावं लागतं आणि ते घसरलं की पायाच्या आतल्या बाजूला रेघ उमटते. पायांच्या आतल्या कडेला आधी चिकटपट्टी लावावी, हा त्यावरचा साधा उपाय. पाण्यात वापरायच्या काही जपानी घड्याळांना 2.5 मिलिमीटर जाडीची पिन असते, नेहमीची 1.5 किंवा 1.8 ची. बारीक पिन जाड पिनेच्या छिद्रात सैल बसते आणि घड्याळ पडतं, हेही इथेच सांगायला हवं. सैल पिनेमुळे हरवलेली घड्याळं चोरीला गेलेल्या घड्याळांपेक्षा कमी नसावीत.

स्मार्टवॉचच्या काळात दोन्ही प्रवाह समोरासमोर आले. 2014-15 च्या सुमारास आलेल्या अनेक स्मार्टवॉचनी 22 मिलिमीटरचा साधा जोड ठेवला आणि पिनेला बारीक खुंटी दिली. नखानं खुंटी ओढली की पिन निघते, अवजार नको. भारतीय कंपन्यांची स्वस्त स्मार्टवॉच बहुतेक याच 20 किंवा 22 च्या जोडावर चालतात, म्हणून त्यांचे पट्टे कुठेही मिळतात. 2015 मध्येच एका अमेरिकन कंपनीनं केसच्या कडेला खाच ठेवून त्यात पट्टा सरकवायची पद्धत आणली. हा बंद जोड होता, पण कंपनीनं तो पुढच्या पिढ्यांत टिकवला. लहान केसचे पट्टे लहान केसला, मोठ्याचे मोठ्याला, वर्षानुवर्षं. इतरांनीही तसे पट्टे काढले आणि त्या खाचेभोवती मोठा बाजार उभा राहिला. जोड कुणाचा यापेक्षा तो किती वर्षं तोच राहतो, हे ग्राहकाला अधिक महत्त्वाचं ठरलं. 2022 मध्ये दुसऱ्या एका अमेरिकन कंपनीनं आपल्या गोल घड्याळाला आणखी वेगळा खटका दिला. ज्या कोरियन कंपनीपासून ही नोंद सुरू झाली, तिची गोष्ट यांहून वेगळी, कारण तिनं आधी सामाईक जोड दिला आणि नंतर तो काढून घेतला.

पट्टा बदलण्याची गरज आता निव्वळ झिजेपुरती राहिलेली नाही. युरोपात 1994 मध्ये ठरलेल्या नियमानं त्वचेला टेकणाऱ्या वस्तूंतल्या निकेलवर मर्यादा आहे, कारण निकेलनं अनेकांच्या मनगटाला पुरळ येतं. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 22 पट्टे तपासले गेले. फ्लोरोइलास्टोमर नावाच्या, घाम न शोषणाऱ्या रबराच्या बऱ्याच पट्ट्यांत सहज न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायनं आढळली. ती त्वचेतून किती शोषली जातात यावर काम चालू आहे. ज्याला असा पट्टा नको असेल त्याला सिलिकॉनचा, कापडी किंवा चामडी पट्टा निवडता आला पाहिजे, आणि तो दुसऱ्या कुणाकडून घेता आला पाहिजे.

सध्या या कोंडीवर बाजारानं स्वतःच मार्ग काढला आहे. कंपनीच्या खटक्यात बसणारे धातूचे छोटे जोडतुकडे विकले जातात. त्यांच्या बाहेरच्या टोकाला 20 किंवा 22 मिलिमीटरचे दोन पाय असतात आणि त्या पायांमध्ये स्प्रिंगची साधी पिन बसते.